अकरा खड्डे

पहिल्या भेटीतच कुमारने शरयूचं पाणी तोडलं.

१९८४चा मे, न्यू मेक्सिकोचं वाळवंट. मातीचा अभ्यास करायला पुण्याहून आलेला कुमार तिच्या बाबांच्या द्राक्षमळ्यात खड्डा खणत होता, आणि फावडं सरळ ठिबकच्या पाइपवर बसलं. मागून आवाज आला, चक्क मराठीत.

"डोळे काय खिशात ठेवलेत?"

शरयू इथेच वाढलेली, पण रागावली की इंग्लिश तिला पुरायचं नाही. पाइप जोडेपर्यंत तिने त्याला हलू दिलं नाही. तो भिजलेल्या शर्टात हसला… झालं, आणखी भडकली.

मग तो दर शनिवारी यायचा. त्या खोऱ्याला वाइनचा प्रदेश म्हणून सरकारी मान्यता मिळणार होती. द्राक्षं ठरलेल्या रेषेच्या आतली असतील तरच वाइनच्या बाटलीवर खोऱ्याचं नाव. रेषेचा नकाशा त्याच्या प्रोफेसरांचा, माती तपासायचे खड्डे याचे. ती पाइपजवळ पहारा द्यायची, तोंडसुख घ्यायची, आणि निघताना थंड पाण्याचा थर्मास पुढे करायची — त्याच्याकडे न बघता.

ऑगस्टमध्ये नकाशा आला. रेष हायवेवरून गेलेली, मळा रेषेबाहेर.

तिने तो त्याच्या छातीवर आपटला. "बाबांनी नोकरी सोडून सात वर्षं घातली या वाळूत. आणि तू नुसता रस्ता गिरवलास?"

पहिल्यांदाच त्याला तू म्हणाली. तेही असं.

त्याने खरं ते सांगून टाकलं. सर म्हणाले, रस्ता धर, सोपं पडतं. डिग्री त्यांच्या हातात, म्हणून हा गप्प बसला.

"भित्रा. मग दर शनिवारी खणत काय होतास?"

"मळ्याला दोन खड्डे पुरतात." तो फावड्याकडे बघत म्हणाला. "मी अकरा खणले."

"का?"

"दोन झाल्यावर… यायला कारण उरलं नसतं."

तिचे कान लाल झाले. राग तसाच.

"माती काय निघाली अकरांत?"

"रस्त्यापलीकडे आहे तीच. अगदी तीच."

"मग कळव सरकारला. हरकतीला शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"सर चिडतील."

"मीपण चिडलेय. जगतोयस ना?"

तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने पत्र लिहिलं, अकराही खड्ड्यांची मापं जोडली आणि खाली सही केली, स्वतःच्या नावाची. तिने ते दोनदा वाचलं. कपाळावरची आठी काही गेली नाही.

"शनिवारी बाराव्या खड्ड्याची जागा दाखवते."

"आता गरज नाही. अकरा पुरेत."

"माहितीये," ती म्हणाली आणि थर्मास त्याच्यापुढे ठेवला, या वेळी सरळ त्याच्याकडे बघत. "फावडं मी धरणार. पाइप तू सांभाळ."