छातीतली गुणगुण

खरं तर तबेल्यावर जनावरांचे मोठे डॉक्टर जायचे होते. त्यांची गाडी रुसली म्हणून त्यांच्या हाताखालची नवी डॉक्टर, ती, गेली, आणि गेल्या गेल्या एका काळ्याभोर शिंगराने तिच्या कोटाची बाही तोंडात धरली. "सगळ्यांची धरत नाही हं ते," म्हणत मालकांच्या पुतण्याने बाही सोडवली. बाही सुटली... नजर सुटायला मात्र जरा वेळ लागला.

शिंगराच्या छातीत तेव्हा नको तो आवाज होता. आईच्या पोटात उघडी असलेली हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर मिटावी लागते. एखाद्याची ती उघडीच राहते, आणि मग तसा आवाज येतो. आठवड्याने पुन्हा बघू, असं सांगून ती परतली होती.

आज ती आली तेव्हा काकांनी बजावून ठेवलं होतं, वाहिनी उघडी असेल तर जिवाचे हाल नकोत, इंजेक्शन देऊन मोकळं करायचं. घोडीचं दूध आटलं म्हणून पुतण्यानेच शिंगराला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

त्याने शिंगराला छातीशी कवटाळलं आणि तो खालच्या सुरात गुणगुणू लागला. तिने शिंगराचा पुढचा पाय ओढून काखेत स्टेथोस्कोप टेकवला. घुंऽऽ... अखंड आवाज. उघड्या वाहिनीचा असाच असतो. याला सांगायचं तरी कसं?

तरी तिने सोनोग्राफी केली. पडद्यावर वाहिनी चक्क मिटलेली! पुन्हा पाहिलं, तरी मिटलेलीच. कान एक सांगत होते, डोळे दुसरंच. तिने मान वर केली. त्याचे ओठ बंद होते, पण गळा थरथरत होता.

"जरा... गाणं थांबवता?"

तो थांबला. तिने पुन्हा स्टेथोस्कोप टेकवला, आणि कानात नुसती स्वच्छ धडधड उरली.

"वाहिनी मिटलीय," ती हसू दाबत म्हणाली. "आवाज तुमचा होता. मी तुमच्या गाण्यालाच रोग ठरवत होते."

तो मटकन गवतावर बसला. डोळे पुसले, पुन्हा पुसले. तिलाही भरून आलं. शिंगरू मात्र शहाण्यासारखं उभं होतं.

"हे तर गाण्याशिवायही गप्प उभं राहतं की. मग गात कुणासाठी होतात?" तिने विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही इतक्या जवळ आलात... की माझंच काळीज ठिकाणावर राहत नाही. गेल्या आठवड्यापासून."

ती पिशवी आवरून निघाली, तोच शिंगराने पुन्हा बाही धरली. तो लगबगीने सोडवायला उठला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला कुठे जायची घाई आहे?"