पाच नंबरच्या खाटेवरची नाडी

या सगळ्यात मनकर्णाबाईला मिळणार होता फक्त एक रविवार.

आधी हे सांगतो, कारण भुताचं नाव काढलं की लोक हसतात. पण जिच्यावर हे गुदरलं ती कोकिळा माझी सख्खी मावशी. साल १९६६, चैत्रातली दुपार, चिखलीकडचा एक दवाखाना. नाव विचारू नका.

तिथे नर्सिंगच्या जुन्या मुली नव्यांना शिकवायच्या. दोघींनी एकाच पेशंटची नाडी मोजायची. आकडा जुळला की नवी पास आणि जुनीला रविवारची सुट्टी. मावशीला शिकवायची मनकर्णाबाई; तिची तान्ही पोर धाड गावी सासूजवळ होती. मावशी दोनदा नापास. तिसऱ्यांदा चुकली की परत घरी, सुलतानपूरला.

सरावाला पाच नंबरच्या खाटेवरची पेशंट, झुंबरबाई. मनगट देऊन देऊन म्हातारी स्वतःच नाडी पाहायला शिकली होती. मुलींच्याच हातावर तीन बोटं टेकवायची.

"अंगठा नको लावू वं. अंगठ्याले आपलीच नाडी लागते."

त्या दुपारी मावशीची तिसरी परीक्षा. दोघी रात्रपाळी करून आलेल्या. म्हातारी तोंडावर पदर घेऊन उताणी निजलेली. दोघींनी एकेक हात धरला.

हात गार. पण तिचे हात गारच असायचे.

घड्याळाची टिकटिक… बाकी काही नाही.

म्हातारीची रोजची घरघरही नाही…

पेंगत पेंगत मावशीने अंगठाच टेकवला.

"चव्वेचाळीस."

"मलेही तेवढीच लागली. झाली वं तू पास!" मनकर्णाबाईने जांभई दिली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "इथे काय करताय? ती अकरालाच गेली. चादर आणायला माणूस पाठवलाय."

मनकर्णाबाईचा चेहरा पडला. "मले लागलीच नोती नाडी… तू म्हणली तेच म्या म्हणलं."

"म्या अंगठा लावला होता," मावशी म्हणाली.

म्हणजे तिने स्वतःचीच मोजली होती.

पण मावशीची नाडी ऐंशी. सकाळीच मैत्रिणीने मोजलेली.

ती हात काढायला गेली… निघेना.

खाली पाहिलं…

म्हातारीची तीन बोटं तिच्या मनगटावर होती. बरोबर जागेवर.

सिस्टरने ती एकेक करून सोडवली. निकाल बदलला नाही. मेलेल्या बाईवर परीक्षा झाली, हे रजिस्टरात कोण लिहिणार?

मागच्या दिवाळीत मी मावशीची नाडी पाहिली. तीन बोटं लावून.

चव्वेचाळीस.

डॉक्टर म्हणतात, असते एखाद्याची. असेल. मी पुन्हा मोजली नाही.

मनकर्णाबाईला रविवार मिळाला. मावशीला नोकरी मिळाली. किंमत भरते आहे ती एकटी मावशी, ऐंशीतले छत्तीस ठोके, दर मिनिटाला…

कुणाला, ते ती सांगत नाही.