गुरुवारचा मल्लिनाथ

गोदातरंग रेडिओ केंद्राच्या फाटकाशी एक तरणा गडी वॉचमनशी हुज्जत घालत होता, आणि लुंबिनीला तिथूनच बाहेर पडायचं होतं.

"जरा बाजूला होता का?" ती एवढंच म्हणाली. तो गर्रकन वळला.

"हाच आवाज! तुम्हीच ना त्या फर्माईशवाल्या मॅडम? मी मल्लिनाथ... मुखेडचा."

मुखेडचा मल्लिनाथ असा कुणी जगात नव्हताच मुळी. तो तर तिनं मनानं रचलेला होता!

झालं होतं असं, की ती निवेदक म्हणून लागली तेव्हा हे केंद्र शेतीचं होतं. सकाळी बाजारभाव, संध्याकाळी कापसावरची अळी. मग वरच्यांना वाटलं, लोकांना गाणी हवीत. फर्माईश सुरू झाली आणि पत्रांची पोतीच्या पोती आली. पुढं पत्रांची जागा फोननं घेतली. मग एफएम आलं, हाताहातांत मोबाईल आले, आणि मध्यम लहरींवरचं हे खरखरणारं केंद्र ऐकणार कोण? पण नावांशिवाय फर्माईश कसली! निवेदकांची जुनी रीतच होती, नावं कमी पडली की पदरची दोन-चार घालायची. लुंबिनीची हळूहळू सगळीच पदरची झाली. बंद खोलीत एकटी बसून ती बिलोली, देगलूर, उदगीरची माणसं जन्माला घालायची. दर गुरुवारी शेवटचं गाणं असायचं "मुखेडच्या मल्लिनाथसाठी, त्यांच्या एका मैत्रिणीकडून..." हे नाव घेताना तिचा आवाज उगाच मऊ व्हायचा. अख्ख्या मुखेडात एखादा तरी मल्लिनाथ असेल, हे मात्र या शहाणीला कधी सुचलं नाही.

एसटीच्या थांब्याजवळच्या टपरीवर दोघं चहाला बसली.

"माझं मोटर वाइंडिंगचं दुकान हाय," तो सांगू लागला. "रेडिओ दिवसभर चालूच. एकदा नाव आलं, म्हणलं असंल दुसरा कुणी. पुढच्या गुरुवारी परत! गिऱ्हाईकं हसायलेत, मी लाजून चूर. बाजारात पोरगी दिसली की वाटायचं, ही असंल का ती?"

"मग?"

"मग काय! दोन स्थळं परत पाठवली ह्या बयेपायी." तो हसला, पण हसू लगेच विरलं. "उद्यापासून हितले कार्यक्रम बंद, दिवसभर मुंबईचंच लागणार म्हणे. म्हणून आलो. कोण हाय ती, तेवढं सांगा मॅडम. आई गेल्यापासून माझी वाट बघणारं कुणी न्हाई. गुरुवारी तेवढं वाटायचं... हाय कुणीतरी."

'तिचं लग्न झालं' म्हटलं असतं की सुटका होती. खोटी नावं तर लुंबिनीच्या जिभेवरच असायची. पण त्याच्या तोंडाकडं बघून आज एकही येईना.

"तशी कुणी नाही हो," ती म्हणाली. "मीच... मीच घ्यायची ते नाव. फर्माईश येतच नव्हती."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे माझी याद कुणालाच न्हवती."

"मला यायची!" ती बोलून गेली आणि तिचे कान तापले. "तुम्ही नव्हता, तरी यायची. येडी म्हणा मला. खोलीवर गेलं की चार भिंती आणि मी. पहिल्यांदा नाव उगंच घेतलं... मग गुरुवारची वाट बघायला लागले मी."

तो उठला. मुखेडची गाडी लागली होती, तिच्यात चढला. झालं! लुंबिनीचे डोळे भरून आले. मनातला मल्लिनाथ निदान असा रुसून जात तरी नव्हता.

तेवढ्यात खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"रविवारी उदगीरला तिसरं स्थळ बघायला जायचं हाय. जाऊ का?"

"मला काय विचारता?"

"मग कुणाला इचारू? मैत्रीण तर तुम्हीच की."

"...नका जाऊ."

"नाव काय तुमचं? रेडिओवर सगळ्यांची घेता, आपलं सांगत न्हाई."

"लुंबिनी."

बौद्ध घरातलं नाव, हे त्याच्या ध्यानात आलं. तो सावकाश म्हणाला, "आमचं लिंगायताचं घर. चुलते लई तमाशा करतील."

"आमचे बाबाही काही टाळ्या वाजवणार नाहीत."

"मग हे समदं ध्यानात घेऊन सांगा. जाऊ का नको?"

कंडक्टरनं डबल बेल मारली. गाडी हलली. रोज काचेआड हळू बोलणारी लुंबिनी भर रस्त्यात खिडकीबरोबर पळत सुटली आणि चारचौघांदेखत ओरडली,

"नका जाऊ, मल्लिनाथ!"