मिरीची नखं

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आश्लेषा आणि सुमंतकाका ससे धरायला निघाले. यात भिण्यासारखं काही नव्हतं. शनिवारी रेडमंडची मंडळी किराणा आणायला निघतात, मुलांना क्लासला सोडायला निघतात. हे दोघं गाडीत एक कुत्री, एक लाकडी पेटी आणि जाळ्यांचं बोचकं घालून फेरी बोटीच्या धक्क्याकडे निघाले, एवढाच काय तो फरक. पाऊस मात्र नेहमीचाच होता, धड पडेना आणि थांबेही ना.

सुमंतकाका तिचे सख्खे काका नव्हेत. पण परदेशात सख्खं-चुलत असा हिशोब कोण ठेवतो? सॉफ्टवेअरमधून रिटायर झाल्यावर त्यांनी शहराबाहेर दोन एकर जागा घेतली आणि लर्चर पाळायला सुरुवात केली. लर्चर म्हणजे ग्रेहाउंड आणि मेंढरं राखणारं कुत्रं यांचा संकर. पाय पहिल्याचे, अक्कल दुसऱ्याची. काका मूळचे लातूरकडचे, तिकडच्या कारवानी शिकारी कुत्र्यांमागे रानोमाळ हिंडून मोठे झालेले. मराठी मंडळातले लोक म्हणायचे की म्हाताऱ्याला साठी बाधली. काका म्हणायचे, बाधू दे.

कुत्र्यांच्या जोडीला फेरेट आले. फेरेट मुंगसाच्याच चणीचं, पण माणसाळलेलं. जाळी लावून त्याला बिळात सोडलं की ससे भिऊन बाहेर उड्या घेतात; जाळ्यातून एखादा निसटला तर त्याला कुत्री धरते. मिरी ही काकांकडच्याच फेरेटांमधली एक मादी. दोन वर्षांपूर्वी आश्लेषानं ती पिल्लू असतानाच नेली होती आणि काकांबरोबर हिंडून तिला कामाला तयार केलं होतं.

तेव्हा तिचा नवरा राजेश नुकताच नोकरीसाठी दूर पार्सिपनीला गेला होता. “सेटल झालो की तुला बोलावतो” असं म्हणाला होता. आधी फोन रोज यायचे, मग रविवारी, मग सणासुदीला. बोलावणं काही आलं नाही, आणि आता येणार नाही हे तिलाही कळून चुकलं होतं. रात्री मिरी तिच्या शर्टाच्या बाहीत शिरायची आणि कोपराशी मुटकुळं करून झोपायची. तेवढी ऊब आश्लेषाला पुरत होती. दुसरं कोणी तिच्या अंगाला टेकून झोपत नव्हतं, हे ती कोणाजवळ बोलत नसे, पण खरं तेच होतं.

ते बोटीनं ज्या बेटावर गेले तिथलं शेत डॉना नावाच्या बाईंचं. सशांनी कुरण पोखरून टाकलं होतं आणि त्यांच्या एका घोडीचा पाय बिळात अडकून मोडला होता. “सगळीकडे फिरा,” डॉना म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “कड्याकडे मात्र जमीन भुसभुशीत आहे. तिथे जपून.”

दुपारपर्यंत काम झकास झालं. भिंगरी, म्हणजे काकांची कुत्री, बीळ हुंगायची. आत ससा असेल तर एक पाय उचलून, श्वास रोखून उभी राहायची. नसेल तर पुढे चालू लागायची. तिचा अंदाज कधी चुकल्याचं काकांना आठवत नव्हतं. काम आटोपता आटोपता ते कड्याच्या अंगाला आले. खाली समुद्र होता, पण धुक्यात तो दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता.

तिथल्या एका मोठ्या बिळापाशी भिंगरी थांबली. तिनं पाय उचलला नाही. कान मागे पाडले, पुढचे पाय टेकले आणि शेपूट हलवायला लागली.

“हे काय नवीन?” आश्लेषा हसली. “ससा ओळखीचा निघाला वाटतं.”

काका हसले नाहीत. “अगं, असं ती माणसांना करते. सशाला नाही.”

“लेंड्या ताज्या आहेत, काका. हे लास्ट करू आणि निघू. साडेचारची बोट मिळेल.”

काकांनी एकदा बिळाकडे आणि एकदा आभाळाकडे बघितलं आणि जाळी लावली. आश्लेषानं मिरीच्या गळ्यातला पट्टा नेहमीसारखा घट्ट आवळला. पट्ट्यात बीपर होता. वर हातातल्या यंत्रावर मिरी किती खोल आहे ते दिसायचं. तो पट्टा निसटेल या भीतीनं ती तो जरा जास्तच आवळायची. मिरीची नखं वाढली होती, तीही कापायची राहिली होती. मिरी नखं कापून घ्यायलाच तयार नसायची, चावायची नाही पण असा आकांत करायची की आश्लेषा दर रविवारी ‘पुढच्या रविवारी’ म्हणायची.

मिरी आत गेली. ससा बाहेर आला नाही. मिरीही आली नाही.

फेरेटच्या कामात हे व्हायचंच. आत ससा मारला की कधीकधी फेरेट तिथेच खाऊन झोपतं. यंत्र पाच फूट दाखवत होतं. आश्लेषानं फावडं उचललं आणि खणायला लागली. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा तिनं यंत्र खड्ड्याच्या तळाला धरलं. तरी पाच फूट. आणखी खणलं. पाच फूट.

“ती खाली सरकतेय,” ती धापा टाकत म्हणाली.

“सरकत नाहीये... तुझ्याबरोबर उतरतेय.” काकांनी तिचा दंड धरला. “वर ये. ही माती ओली आहे. फावडं टाक आणि वर ये.”

ती वर आली. अंधारून आलं होतं. ती बिळाच्या तोंडाशी आडवी झाली आणि तिनं आत हाक मारली. “मिरी... मिरू...” आतून ओल्या मातीचा वास आला आणि त्यात मिसळलेला आणखी एक वास, माणसाच्या घामाचा, दिवसभर राबलेल्या माणसाचा. तो आपलाच असेल असं तिनं स्वतःला समजावलं.

मग आवाज आला. टिक्. जरा वेळ काहीच नाही. पुन्हा टिक्. खडा खड्याखाली दबावा तसा बारीक, कोरडा. आणि त्याच्यामागे मिरीचं कुकुकणं. फेरेट खूश असलं की घशातल्या घशात तसं कुकुकतं. कुशीत घेतलं की मिरी तसं करायची.

“काका, ती मजेत आहे,” आश्लेषा म्हणाली, आणि आपल्याला याचं बरं वाटण्याऐवजी रडू का येतंय ते तिला कळेना.

बोट चुकलीच. आता एकच उपाय होता, आणि तो फेरेट पाळणारे सगळेच करतात. पेटीत गवत भरायचं, वर आपल्या अंगावरचा न धुतलेला कपडा ठेवायचा आणि पेटी बिळाच्या तोंडाशी लावून जायचं. भूक भागली, झोप झाली की फेरेट धन्याच्या वासावर बाहेर येतं आणि त्या कपड्यात झोपून जातं. आश्लेषानं अंगातला राखाडी स्वेटशर्ट काढून पेटीत घातला. डॉनांनी दोघांना तबेल्यावरच्या खोलीत गाद्या दिल्या. भिंगरी रात्रभर कड्याच्या दिशेला तोंड करून पडून राहिली, भुंकली मात्र नाही.

उजाडल्यावर आश्लेषा धावतच गेली.

मिरी पेटीत होती. गाढ झोपलेली, पोट तट्ट फुगलेलं. आश्लेषानं तिला छातीशी धरलं आणि तिच्या पाठीत तोंड खुपसलं. हुश्श झालं. मग हाताला काहीतरी वेगळं लागलं. तिनं मिरीचा पंजा उलटा केला.

नखं कापलेली होती. चारही पायांची, नेटकी, एकसारखी, शिरेला कुठे धक्का न लावता. कान आतून स्वच्छ पुसलेले होते. आणि पट्टा दोन भोकं सैल केलेला होता. पट्ट्याखाली कातडी सोलवटली होती, आश्लेषाला ते कधी दिसलंच नव्हतं; तिथे काहीतरी तेलकट चोपडलेलं होतं.

“पट्टा आपणहून सैल होईल,” काका हळू आवाजात म्हणाले. “पण बक्कल पुन्हा लावायला... बोटं लागतात.”

तिला कालचा आवाज आठवला. टिक्. टिक्.

“काका... माझा स्वेटशर्ट कुठाय?”

पेटीत स्वेटशर्ट नव्हता. गवतावर एक जुना लोकरी शर्ट होता, तपकिरी चौकड्यांचा, कोपरावर ठिगळं लावलेला, मातीनं कडक झालेला. घडी घालून ठेवलेला.

काकांनी वाकून ती घडी बघितली. मग म्हणाले, “पिल्लू दुसऱ्याला देताना मी काय करतो, आठवतंय? माझा एक कपडा सोबत देतो आणि घेणाऱ्याचा एक ठेवून घेतो. पिल्लू परत आलंच तर त्याला दोन्ही घरं ओळखता यावीत म्हणून...” त्यांनी हात मागे घेतला. “फेकून दे तो. इथेच फेक.”

आश्लेषानं शर्ट उचलून फेकायला हात वर केला. मिरीनं मान वळवली आणि तिच्या अंगठ्याचा चावा घेतला, रक्त येईपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा. शर्ट खाली पडला आणि मिरी उडी मारून त्याच्या बाहीत शिरली.

डॉना कॉफी घेऊन येत होत्या. शर्ट बघून त्या जागच्या जागी थबकल्या. मग जे सांगायचं ते सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. शेताचा आधीचा मालक फेरेट पाळायचा. एकटा होता. बायको फार पूर्वी सोडून गेलेली. फेरेटांवरच त्याचा जीव. एका पावसाळी हिवाळ्यात एक फेरेट बिळात राहिलं म्हणून तो खणत बसला आणि कडा त्याच्यासकट कोसळला. फावडं सापडलं. तो सापडला नाही. भरतीनं माती ओढून नेली, असं सगळे म्हणाले.

“काल सांगायला काय झालं होतं?” काका म्हणाले.

“जपून, म्हणाले होते ना मी,” डॉना पुटपुटल्या आणि कॉफी न देताच परत गेल्या.

शर्ट शेवटी गाडीत आला. मिरी त्यातून निघेना आणि मिरीला सोडून आश्लेषा हलेना, तेव्हा दुसरं काय होणार? बोटीवर काका दोनदा म्हणाले, “पाण्यात टाक.” ती दोनदा “हो” म्हणाली. उतरताना काकांनी भिंगरीला मागून काढून पुढे आपल्या पायाशी घेतलं. कुत्री वळूनवळून मागच्या सीटकडे बघत होती आणि शेपूट हलवत होती.

घरी आल्यावर मिरी बदलली म्हणावं, तर तसंही नाही. खात होती, खेळत होती, तब्येत तर आधीपेक्षा छान. फक्त ती आश्लेषाकडे येईना. हाक मारली की मान वर करायची, बघायची आणि कोपऱ्यातल्या शर्टात परत जायची. आश्लेषानं शर्ट बाल्कनीत टाकला तर मिरीनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिनं शर्ट धुतला. ड्रायरमधून काढला तर त्याला मातीचा वास होता आणि काखेत ओल होती. ती ओल तिनं बोटानं चाचपून बघितली. कोमट होती.

“फेकलास का?” काका फोनवर विचारायचे.

“उद्या फेकते, काका.”

“आश्लेषा, मी येऊ का?”

“नको. मी बघते... तुम्ही टेन्शन नका घेऊ.”

खरं ती काकांना सांगू शकत नव्हती. खरं असं होतं, की तिला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा हेवा जास्त वाटत होता. आपण दोन वर्षं आवळलेला पट्टा कोणीतरी एका रात्रीत सैल केला. आपल्याला न दिसलेली जखम कोणालातरी अंधारात दिसली. आणि मिरीला ते कळलं. नवरा दुसऱ्याकडे वळला असता तर तिनं चार लोकांत सांगितलं असतं, रडली असती. पण हे सांगायचं कोणाला?

पुढच्या रविवारी दिवसभर पाऊस होता. दुपारी राजेशचं कुरिअर आलं, वकिलानं केलेले घटस्फोटाचे कागद, कुठे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावलेले. आश्लेषानं सह्या केल्या. मग ती जमिनीवर बसली आणि मिरीला हाक मारली. मिरीनं शर्टाच्या बाहीतून नाक बाहेर काढलं आणि परत आत घेतलं.

“बरं,” आश्लेषा म्हणाली. “मग मीच येते.”

तिनं शर्ट उचलला, तशी मिरी बाहीतून जमिनीवर उतरली. लोकर अंगाला टोचेल असं वाटलं होतं, टोचली नाही. तिनं एक हात बाहीत घातला, मग दुसरा. शर्ट उबदार होता, कोणीतरी आत्ताच अंगातून काढून दिल्यासारखा. जमिनीवर बसलेल्या मिरीनं तिच्याकडे बघितलं. मग ती आली, मांडीवर चढली, छातीशी मुटकुळं करून घशातल्या घशात कुकुकायला लागली. आश्लेषानं दोन्ही हातांनी तिला कवटाळलं आणि डोळे मिटून घेतले. किती दिवसांनी तिला असं कोणी बिलगलं होतं. तिला रडू फुटलं, आणि ते तिनं फुटू दिलं.

रडू ओसरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की पोटाशी कसलीशी हालचाल होते आहे. मिरी तर छातीशी झोपली होती, आणि आपले दोन्ही हात मिरीभोवती होते. ती खाली बघत राहिली. शर्टाची बटणं खालून वर एकेक करून लागत होती, सावकाश, सवयीच्या बोटांनी लावावीत तशी. बटणं लागत लागत थेट गळ्यापर्यंत आली. वरचं एक मात्र उघडंच राहिलं, तिला काचू नये म्हणून.