तुतीवरचा आळ

“गच्ची बंद?” भोंगा इतक्या जोरात ओरडला, की आत छापखान्यात मामाच्या हातातले कागद खाली पडले. त्याला भोंगा का म्हणतात, ते वेगळं सांगायला नकोच!

“बंद म्हणजे बंद! वर सोलर बसवलंय. बाबांनी कुलूप घातलंय आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवलीय,” शाई म्हणाला. शाई म्हणजे मामाचा मुलगा. छापखान्यातच लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे त्याच्या कोपरांना बाराही महिने शाई लागलेली असायची.

“मग क्रिकेट?”

“अंगणात.”

“आणि आडवं पडून गप्पा मारायच्या त्या?”

शाईने नुसते खांदे उडवले.

दर सुट्टीत ही चौघं मामाकडे जमायची. भोंगा आणि त्याची मोठी बहीण चष्मिस, मावशीची खारू आणि हा शाई. आता चौघंही मोठी झालीत, चार दिशांना पांगलीत. पण एकत्र आली रे आली, की गाडी या एकाच सुट्टीवर येते! यंत्राची ती खटॅक-खट, खटॅक-खट, ओल्या शाईचा वास, कागदांच्या कपट्यांच्या ढिगात मारलेल्या उड्या... आणि तुती.

“अजून एक सांगायचंय,” शाई जरा घुटमळला. “उद्या तुती तोडणार आहेत.”

खारूच्या हातातली पिशवी धपकन खाली पडली.

तुती छापखान्याच्या मागच्या अंगणात होती, चांगली गच्चीच्या वर डोकं काढून उभी. तिची खालची जाड फांदी मामाची आणि तिच्या शेजारची चष्मिसच्या आईची. लहानपणी दोघं तिथे बसून जांभळी फळं खायची आणि खालून जाणाऱ्यांना कच्ची फळं मारायची! पुढे त्या फांद्या या चौघांकडे आल्या. सुट्टी संपवून घरी परतताना प्रत्येकाच्या एका तरी शर्टावर तुतीचा डाग असायचाच. आया धुऊन धुऊन थकल्या, पण तो डाग काही गेला नाही.

रात्री जेवताना सगळ्यांनी मामाला घेरलं.

“मला काय हौस आहे का रे?” मामा वैतागून म्हणाला. “स्कूटर विकून सोलर बसवलं मी! रोज चालत बाजारात जातो. सुरुवातीला दिवा मस्त हिरवा असायचा. हिरवा म्हणजे यंत्र उन्हावर चाललंय. आता सकाळी बघावं तर लाल! लाल म्हणजे बाहेरची वीज, तिचं बिल वेगळं. पॅनेलवाल्या साहेबांना बोलावलं, तर ते म्हणाले, झाडाची सावली पडते.”

“एका झाडाच्या सावलीने एवढं काय होतं?” भोंग्याने विचारलं.

“पॅनेल एकमेकांना जोडलेली असतात. बादल्या हातोहात पुढे द्यायच्या रांगेत एकाने डुलकी काढली, तर पुढच्यांचे हात रिकामेच राहणार ना? तसंच. साहेबांनीच समजावलं मला.”

“पण सोलर पर्यावरणासाठी असतं ना? मग त्याच्यासाठी झाड कसं तोडायचं?” चष्मिसने चष्मा वर सरकवला. ही तिची भांडणाची खूण! “ऊन फुकट मिळतं मामा, पॅनेल नाही. ती बनवायला खाणी खणतात, भट्ट्या पेटवतात. आणि फुटली की काय करायचं?”

सगळ्यांनी एकदम भिंतीकडे पाहिलं. तिथे एक तडकलेलं पॅनेल टेकवून ठेवलं होतं. बसवतानाच कामगाराच्या हातून पडलेलं. भंगारवाल्याने ते उलटसुलट करून पाहिलं होतं आणि ‘नको बाबा’ म्हणून तो निघून गेला होता.

“ते खरंय गं,” मामी म्हणाली. “पण तो जनरेटर आठव! ते धाड-धाड-धाड, तो धूर! दोरीवरचे कपडे काळे व्हायचे, माझा खोकला थांबायचा नाही. सोलर आल्यापासून खोकले का मी एकदा तरी?”

नव्हती खोकली. सोलर हवंच होतं. पण तुतीही हवी होती!

सकाळी करवतवाले काका हजर! दोरखंड, कुऱ्हाड आणि माणसाएवढी करवत घेऊन. मामीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. चौघं तोंडं पाडून छापखान्याच्या दारात बसली होती. आत यंत्र चाललं होतं, खटॅक-खट, आणि भिंतीवरच्या पेटीवर लाल दिवा जळत होता.

चष्मिस त्या दिव्याकडे बघत होती. मग तिने मागच्या दारातून अंगणात पाहिलं. पुन्हा दिवा. पुन्हा अंगण.

“शाई!” ती ताडकन उठली. “तुतीची सावली कुठे पडलीय?”

“ती काय, मागच्या कुंपणावर.”

“म्हणजे गच्चीच्या उलट्या बाजूला! सूर्य समोर रस्त्याकडून येतोय. मग आत्ता गच्चीवर तुतीची सावली कशी असेल? आणि दिवा तर आत्ताच लाल आहे!”

“पॅनेलवाले साहेब संध्याकाळी आले होते,” शाई हळूच म्हणाला. “तेव्हा सूर्य तुतीच्या मागे असतो. त्यांनी खालूनच मान वर केली, चहा प्यायले आणि गेले.”

“वर चढलेच नाहीत?”

“अंहं!”

“मग आपण बघू या!” भोंगा उसळला.

“गच्चीवर पाय ठेवायचा नाहीये, बावळटा!” चष्मिसने दटावलं.

“पाय कोण ठेवतंय? नजर ठेवू!”

हे ऐकायला खारू तिथे होतीच कुठे? ती केव्हाच तुतीच्या शेंड्याजवळ पोचली होती.

“दिसतंय!” वरून तिचा आवाज आला. “सगळी पॅनेल चकाकतायत. पण पुढच्या रांगेवर काळं काळं आहे. मोठ्ठं! चौकोनी!”

“चौकोनी? झाडाची सावली चौकोनी असते का गं?”

“आणि फडफडतेय!”

तिघं एकमेकांकडे बघतच राहिली. मग जी धावत सुटली, ती थेट समोरच्या रस्त्यावर! वर बघितलं आणि भोंगा चक्क रस्त्यातच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

गच्चीच्या रस्त्याकडच्या कडेला, लोखंडी चौकटीत, दोऱ्यांनी बांधलेला भलामोठा कापडी फलक होता. मामाने सोलर बसवल्यावर काही दिवसांनी कौतुकाने लावलेला. त्यावर लाल अक्षरं होती : ‘आमचा छापखाना उन्हावर चालतो!’

आणि त्या फलकाच्या बरोब्बर समोर सकाळचं ऊन!

ती धावत मामाकडे गेली. पण मामा ऐकायलाच तयार नव्हता.

“साहेब शिकलेला माणूस आहे. त्याला कळत नाही आणि तुम्हाला कळतं? जा, खारूला खाली उतरवा आधी!”

“मी नाही उतरणार!” वरून आवाज आला.

करवतवाल्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “मी सुरू करू का? ऊन चढतंय.”

आता सांगत बसायला वेळ नव्हता. चष्मिसने पटापट कामं वाटली. “खारू वरून सावली बघेल. शाई, तू मामाला पेटीसमोरून हलू द्यायचं नाही. भोंग्या, फलकाच्या दोऱ्यांची टोकं खाली लोंबतायत. बांधणाऱ्याने आळस करून सरकगाठी मारल्यात. ओढल्या की सुटतील!”

“बाबा, तुती जायच्या आधी एकदाच माझं ऐका ना,” शाई आत जाऊन म्हणाला. “हा दिवा बघा ना. लालच आहे ना? बघत राहा हं!”

“काय पोरकटपणा चाललाय?” मामा म्हणाला. पण बघत राहिला.

बाहेर भोंग्याने पहिली दोरी ओढली. गाठ सुटली! फलकाचं एक टोक लोंबायला लागलं.

“अर्धी गेली!” खारू ओरडली.

दिवा लालच.

भोंग्याने दुसरी दोरी ओढली. हलेना! पुन्हा ओढली. छे! आत मामा उठला. “पुरे झालं. काका, घ्या कुऱ्हाड.”

“बाबा, थांबा! एकच मिनिट!” शाईने त्याचा शर्ट धरला. चष्मिसने धावत येऊन भोंग्याची कंबर पकडली आणि दोघं त्या दोरीला चक्क लोंबकळली. चर्रर्र! गाठ सुटली आणि सगळा फलक धाडकन दोघांच्या डोक्यावर!

“गेली! सगळी गेली!” खारूची किंकाळी.

पेटीत ‘टक’ झालं.

हिरवा!

मामा दिव्याकडे बघतच राहिला. मग त्याने खिशातून किल्ली काढली, बाहेर पडलेला फलक उचलला आणि गच्चीवर गेला. तिथे त्याने तो पुन्हा चौकटीला धरला. “दिवा?” तो वरून ओरडला.

“लाल!” शाई खालून ओरडला.

मामाने फलक सोडून दिला. “आता?”

“हिरवा!”

मामा खाली आला आणि पायरीवरच बसला. “माझ्याच फलकाने माझंच ऊन अडवलं,” तो म्हणाला. “आणि मी आळ घातला कोणावर? हिच्यावर!” त्याने तुतीकडे बोट दाखवलं. “हिच्यावरून पडून दात पाडून घेतला होता मी. तेव्हासुद्धा हिला दोष दिला नव्हता.”

“पण संध्याकाळी हिची थोडी सावली पडते मामा, ते खरंय,” चष्मिसने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

“पडू दे! तेव्हा यंत्र बंदच असतं. थोडं ऊन खाल्लं तिने तर खाल्लं!”

करवतवाल्या काकांनी ओंजळभर तुती तोंडात टाकल्या. “आजची मजुरी मिळाली मला,” ते जांभळ्या दातांनी हसले. “लाकडाला ही चव नसते!”

“माझी गुणाची पोरं!” मामीने खारूला खाली उतरवून घेतलं आणि फलकातून बाहेर आलेल्या दोघांचे धुळीने माखलेले केस विस्कटले.

दुपारी पॅनेलवाले साहेब आले. या वेळी मात्र गच्चीवर चढूनच आले. “मी वर चढायला हवं होतं. चूक माझी,” असं म्हणून त्यांनी चौघांशी रीतसर हात मिळवले. चष्मिसने ही संधी सोडली नाही. “मग ते तडकलेलं पॅनेल पण घेऊन जा ना!” साहेबांनी ते गाडीत चढवलं. काच आणि धातू वेगळे करणारा कारखाना लांब होता, पण तिथे ते स्वतः पोचवणार होते.

आणि फलक? तो मामाने तुतीच्या फांद्यांना, पोरांच्या डोक्यावर, छतासारखा बांधला. मग चप्पल काढली, पँटचा पाय वर दुमडला आणि हुश्श-हुश्श करत आपल्या जुन्या फांदीवर चढून बसला! फांदी करकरली. मामी खालून ओरडली, “अहो, वय काय तुमचं!” मामाने उत्तरादाखल तिच्या पायाशी एक कच्ची तुती मारली.

त्या फलकाचा रंग आता पार उडालाय. सोलरची पॅनेलही जुनी झालीत. पण चौघं जमली, की अजून त्याच सावलीत बसतात. वर अंधुक अक्षरं दिसतात, आतून खटॅक-खट ऐकू येतं, आणि घरी जाताना एकाच्या तरी शर्टावर जांभळा डाग असतोच.