हात कुणाला केलात?

कॉम्प्युटरच्या दुकानात काचेच्या दारालगतच्या टेबलावर मॉनिटर मांडले होते, आणि मी एकेकापुढे उभी राहून पंजा जोरजोरात हलवत होते. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू देत. घरून स्क्रीनवर कार्टूनची चित्रं रंगवायचं माझं काम, पण दुपार झाली की डोळे चुरचुरायचे, डोकं ठणकायचं. "डोळे घालवून बसशील. या महिन्यात दुखणं थांबलं नाही तर नोकरी सोड," दादाने निर्वाणीचं सांगितलं होतं. मला तर ते काम जिवापाड आवडायचं.

"मॉनिटरचा उजेड कमी करून पांढऱ्या स्क्रीनपुढे हात हलवायचा," दुकानदार काका म्हणाले होते. "बोटं तुटक तुटक दिसली, तर स्क्रीन लुकलुकतोय समजायचं. आपल्याला कळत नाही, डोळ्यांना कळतं."

पहिल्यावर तुटक. दुसऱ्यावरही. तिसऱ्यापुढे हात हलवतेय तोच दार ढकलून समोरच्या चष्म्याच्या दुकानातला एक तरुण आत आला. हातात काच पुसायचं फडकं तसंच.

"मघापासून हात करताय... मीही केला. पण तुम्ही थांबेचनात, म्हटलं काहीतरी तातडीचं असेल."

"मी... मॉनिटरला करत होते."

त्याचे कान लालबुंद झाले. काका खोकल्याचं निमित्त करून आत सटकले. दुसरा कुणी असता तर पळाला असता. हा उभाच राहिला.

"चष्म्याचा नंबर तपासलात?"

"होता तोच निघाला."

"मग चष्मा बदलून उपयोग नाही. हा तिसरा घ्या. बोटं बघा, कशी सलग दिसताहेत." तो स्वतःचाच हात स्क्रीनपुढे हलवत होता, आणि मी बोटं सोडून भलतीकडेच बघत होते. "आणि पाठीशी खिडकी नको, स्क्रीनवर चमक येते."

"चष्मेवाल्याने असं सांगितलं, तर त्याचा धंदा कसा चालायचा?"

"बुडतोय खरा. पण तुमचे डोळे सुंदर आहेत... म्हणजे — सांभाळा त्यांना."

तिसराच मॉनिटर घेतला, टेबलही खिडकीपासून वळवलं. महिना सरत आला. दादा नोकरीचा विषय काढेनासा झाला. माझं मात्र चित्रांत लक्ष लागेना. एका दुपारी सरळ उठले आणि चष्म्याच्या दुकानात शिरले.

"डोळे दुखायचे थांबले," मी म्हणाले. "नोकरीही राहिली."

"वा, छान झालं." पण त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... आता इकडे यायला तुम्हाला काही कारणच उरलं नाही."

"नाहीच उरलं."

फडकं एकाच काचेवर फिरत राहिलं. मग मान वर न करताच तो म्हणाला, "तुम्ही मला फार आवडता. कारण नसताना याल कधी?"

"आलेच आहे की," मी म्हटलं, आणि काउंटरपुढचं स्टूल ओढून बसले.