न थरथरणारा चमचा

हेमलता तायडेच्या डोक्यावर ध्वनिमुकुट बसवताना डॉक्टर निशांत खरातेचीच बोटं कापत होती.

"पेशंट मी आहे ना? मग तू कशाला कापतोस?" हेमलता म्हणाली.

"मॅडम, मुकुट तुमचा, प्रयोगशाळा तुमची. परीक्षा दिल्यासारखं वाटतंय."

मुकुट खरंच तिने घडवला होता. कवटी न उघडता हजार बाजूंनी श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे अल्ट्रासाउंड, मेंदूत सोडायचा. एकेकटी लहर निरुपद्रवी. सगळ्या जिथे भेटतात, तिथला तांदळाएवढा भाग तेवढा तापतो. हाताचा कंप तिथूनच उठतो.

"आज नुसती ऊब देतो," निशांत म्हणाला. "दोन दिवस कंप थांबेल, मग पेशी पूर्ववत. तेवढ्यात सरांना भरवून बघा. आवडलं तर तो भाग कायमचा जाळू. नियम तुमचाच आहे."

"नियम परक्यांसाठी केला होता. वरणभात भरवायची कसली रंगीत तालीम? दोन्ही बाजू जाळ. आजच."

"जळलेल्या पेशी परत येत नाहीत, मॅडम."

"मला सांगतोस?"

तिला घाई होती. तिच्या नवऱ्याच्या, विश्वासरावांच्या, आठवणी विरत चालल्या होत्या. बायकोचा चेहरा पुसला गेला, मागोमाग आवाजही. तरी जेवत ते तिच्याच हातून. नर्सने कितीही लाडीगोडी लावली तरी ओठ घट्ट. आणि हेमलताच्या चमच्यातलं निम्मं त्यांच्या सदऱ्यावर. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता.

संध्याकाळी तिने घास नेला. शीतसुद्धा सांडलं नाही. चमचा ओठांवर अलगद टेकला.

ओठ मिटलेलेच.

"अहो, मी आहे."

त्यांनी तिचं मनगट चाचपलं, क्षणभर धरलं आणि सोडून दिलं.

तेव्हा तिला कळलं. चेहरा नाही, आवाज नाही. ते तिला इतके दिवस ओठांवर थडथडणाऱ्या चमच्यावरून ओळखत होते. तिने मुद्दाम हात हलवून पाहिला. वरण सांडलं, पण त्यांनी तोंड फिरवलं. खोटा कंप त्यांना लगेच कळला. नुसती ऊब घेतली असती तर परवापर्यंत खरा परत आला असता.

"बाई, तुम्ही फार जपून भरवता," ते अदबीने म्हणाले. "पण ती आली की जेवेन."

"बरं," हेमलता म्हणाली.

मग त्यांनी तिच्याकडे झुकून आवाज खाली आणला.

"आणि ती आली ना, की तिच्या हातांकडे बघू नका हं. तिला वाईट वाटतं."